अल्सरेटिव्ह कोलायटिस : शस्त्रक्रिया

मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडणाऱ्या दीर्घकालीन विकारावरील शस्त्रोपचार. हा दाह गुदाशयापासून सलग वर चढतो आणि मोठ्या आतड्यापुरताच राहतो. म्हणून गुदाशयासह सगळे मोठे आतडे काढले की आतड्याचा आजार संपतो. क्रोन या आतड्याच्या दुसऱ्या दाहविकारात असे घडत नाही. या विकारासोबत काहींना होणारा पित्तनलिकांचा दाह मात्र शस्त्रक्रियेनंतरही टिकू शकतो.

शस्त्रक्रिया केव्हा : औषधांना दाद न देणारा आजार, स्टेरॉइड सुटत नसणे, आतडे फुगणे (टॉक्सिक मेगाकोलन) वा फुटणे, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग किंवा त्याआधीचे पेशीबदल. तीव्र झटक्यात शिरेतून स्टेरॉइड देऊन तिसऱ्या दिवशी आढावा घेतात. तेव्हाही दिवसाला ८ हून अधिक वेळा शौचास होत असेल, तर आतडे काढावे लागण्याचा संभव मोठा असतो. इन्फ्लिक्सिमॅब वा सायक्लोस्पोरिनने काहींची शस्त्रक्रिया टळते. पण औषध बदलत दिवस घालवून शस्त्रवैद्याला उशिरा बोलावणे जिवावर बेतते.

इलिऑस्टॉमी : लहान आतड्याचे टोक पोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या भागात बाहेर काढणे. पूर्वी हे टोक नुसतेच बाहेर ठेवीत. पाचकरसयुक्त पातळ मळाने त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सुजे, तोंड आवळे, भोवतालची कातडी सोलवटून निघे आणि क्षार-पाण्याचा ऱ्हास होई. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी शर्टाची बाही दुमडावी तसे टोक उलटवून आतले अस्तर थेट कातडीला शिवले. दोन-तीन सेंटिमीटर वर आलेल्या या तोटीतून मळ कातडीला न लागता पोटावर लावलेल्या पिशवीत पडतो. ‘लान्सेट’मधील त्यांच्या लेखात या युक्तीला एखाद-दुसरेच वाक्य मिळाले आहे, प्रस्तुत विषयातील सर्वांत मोलाची सुधारणा मात्र तीच. नव्या इलिऑस्टॉमीच्या रुग्णाने मीठ-पाणी भरपूर घ्यावे.

पाउच : स्वीडनचे निल्स कॉक यांनी १९६९ मध्ये पोटाच्या आत आतड्याचीच साठवण-पिशवी केली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकल्स यांनी १९७८ मध्ये अशी पिशवी गुदद्वाराला जोडली. तिला तीन पदरी ‘एस’ आकार होता व अनेकांना ती नळी घालून रिकामी करावी लागे. जपानच्या उत्सुनोमिया यांची दोन पदरी ‘जे’ पाउच (१९८०) सोपी ठरून रूढ झाली; तिचा प्रत्येक पदर १५ ते २० सेंमी. असतो. तातडीच्या वेळी गुदाशय ठेवून बाकीचे मोठे आतडे काढतात आणि पाउच काही महिन्यांनी करतात. गुदद्वारालगतचे अस्तर खरवडून काढावे की थोडे राखून स्टेपलरने जोडावे, याबाबत मतभेद आहेत. पाउचनंतर दिवसाला साधारण ४ ते ८ वेळा शौचास होते.

उपद्रव : पाउचचा दाह (मेट्रोनिडाझोल वा सिप्रोफ्लॉक्सॅसिन देतात), जोड सुटणे, आतड्याला अडथळा. स्त्रियांत गर्भधारणेचा संभव घटतो. हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे.

बालरुग्ण : तत्त्वे तीच, खुंटलेली वाढ हेही शस्त्रक्रियेचे कारण.

स्टोमा (पोटावर काढलेले आतड्याचे तोंड) असलेल्या रुग्णांसाठी मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था काम करते.