चांदणीचा अर्थ कोणी लावायचा?

फोल्डरमधल्या सगळ्या ‘.टीएक्सटी’ फायलींना ‘.बॅक’ करायचंय. एमएस-डॉसवर ‘रेन *.टीएक्सटी *.बॅक’ लिहिलं की काम झालं. लिनक्सवर त्याच धर्तीवर ‘एमव्ही *.टीएक्सटी *.बॅक’ लिहिलं तर जमत नाही. याचं मूळ पन्नास वर्षांहून जुन्या एका निर्णयात आहे.

लिनक्सने ज्याचा कित्ता गिरवला त्या युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स प्रणालीत नावबदलाची सोय चोख होती. चांदणीने (*) फायली निवडायच्या आणि बरोबरच्या चिन्हाने (=) जुन्या नावाचा हवा तो तुकडा नव्या नावात आणायचा. दोन्ही खुणांचा अर्थ नाव बदलणारी आज्ञाच लावायची. १९६९मध्ये बेल लॅब्स मल्टिक्समधून बाहेर पडली. तिथल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी छोट्याशा यंत्रावर युनिक्स उभारलं, आणि १९७१च्या पहिल्या आवृत्तीत चांदणीचं काम ‘ग्लॉब’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे दिलं. जुळणारी नावं तो शोधणार आणि मूळ आज्ञेच्या हाती तयार यादी देणार. त्यामुळे छापणं, पुसणं, नक्कल करणं, अशा प्रत्येक आज्ञेला चांदणी फुकटात मिळाली. संगणकाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर निर्णयांपैकी हा एक आहे, असं मला मनापासून वाटतं.

किंमत मोजली ती नावबदलाने. ‘एमव्ही’ला चांदणी कधी दिसतच नाही. समोर येते नुसती नावांची रांग, आणि कोणत्या जुन्या नावाची जोडी कोणत्या नव्या नावाशी, हे त्या रांगेत कुठेच नसतं. फायली बऱ्याच असतील तर ‘शेवटचं नाव फोल्डरचं नाही’ अशी तक्रार येते. ते बरंच म्हणायचं. फोल्डरमध्ये एकच ‘.टीएक्सटी’ आणि एकच ‘.बॅक’ असेल, तर पहिली फाइल दुसरीच्या जागी बसते आणि दुसरी बहुधा न विचारताच नाहीशी होते. ‘.बॅक’ एकही नसेल आणि ‘.टीएक्सटी’ एकच असेल, तर बॅश या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइलीचं नाव खरोखरच ‘*.बॅक’ होतं.

१९७९च्या बॉर्न शेलने ग्लॉबचं काम पोटात घेतलं, पण वाटणी तीच राहिली. मग लोक लूप लिहू लागले, किंवा मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’कडून ‘एमव्ही’च्या ओळी तयार करून शेलला पाजू लागले. नावात एक मोकळी जागा आली की हा डोलारा कोसळायचा. १९८७मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा आली आणि पुढे तिच्यासोबत त्यांची ‘रिनेम’ ही छोटी स्क्रिप्टही येऊ लागली. नियम एकदा सांगायचा, तो प्रत्येक नावाला लागू होतो. व्लादिमिर लानिन यांच्या १९९०च्या ‘एमएमव्ही’ने चांदणी अवतरणात घालून शेलपासून वाचवली आणि मल्टिक्ससारखी पुन्हा आज्ञेच्याच हाती दिली. शिवाय दोन फायलींना एकच नाव मिळत नाही ना, हे ती आधीच तपासते. माझ्या मते तिचं खरं मोठेपण यातच आहे.

आज डेबियनवर मिळते ती ‘रिनेम’ पर्लची. फेडोरावरची वेगळ्याच घराण्यातली. तिला नियम कळत नाहीत, ती फक्त एका मजकुराच्या जागी दुसरा घालते. नाव एकच असलं तरी एकीसाठी लिहिलेली ओळ दुसरीवर चालत नाही.