छद्मजनुक

छद्मजनुक म्हणजे एखाद्या कार्यक्षम जनुकाशी साम्य असलेला, परंतु त्या जनुकाचे मूळ कार्य करू न शकणारा डीएनएचा भाग होय. ही संज्ञा १९७७ साली आफ्रिकी बेडकाच्या ५एस आरएनए जनुकांच्या अभ्यासातून रूढ झाली. मानवी जनुकसंचात प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. छद्मजनुकेही दहा हजारांहून अधिक आहेत.

निर्मिती

मानवातील बहुसंख्य छद्मजनुके उलट प्रतिलेखनातून निर्माण झाली आहेत. जनुकापासून बनलेल्या संदेशवाहक आरएनएची पुन्हा डीएनए प्रत तयार होते आणि ती गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी जोडली जाते. यासाठी लागणारे विकर 'लाइन-१' या फिरत्या डीएनए घटकाकडून मिळते. अशा प्रतीत इन्ट्रॉन नसतात, कारण ते आरएनएतून आधीच कापले गेलेले असतात. जनुक कार्यान्वित करणारा प्रवर्तकही मूळ जागीच राहतो. त्यामुळे ही प्रत बहुधा जन्मतःच मूक असते. जननपेशींत घडलेली प्रतच वारशाने पुढे जाते. रायबोसोमच्या प्रथिनांची जनुके सर्वच पेशींत कार्यरत असल्याने त्यांच्या अशा प्रती विपुल आढळतात.

दुसरा मार्ग द्विगुणनाचा. जनुकाची जादा प्रत तयार झाली की एकीत बिघाड झाला तरी दुसरी काम सांभाळते, म्हणून बिघडलेली प्रत नैसर्गिक निवडीतून वगळली जात नाही.

क्वचित जादा प्रत नसतानाही एकमेव जनुक निकामी होते. क जीवनसत्त्व तयार करण्याच्या अखेरच्या टप्प्यातील विकराचे 'गुलो' जनुक मानवात असेच अवशेषरूपात उरले आहे. आहारातून क जीवनसत्त्व न मिळाल्यास माणसाला स्कर्व्ही होतो, तो यामुळेच. गिनीपिगमध्ये हेच जनुक स्वतंत्रपणे निकामी झाले.

वैद्यकीय महत्त्व

छद्मजनुके निरुपद्रवी असतातच असे नाही. सहाव्या गुणसूत्रावर 'सीवायपी२१ए२' जनुकाशेजारीच त्याचे छद्मजनुक आहे. दोहोंतील साम्यामुळे छद्मजनुकातील दोष जनुकरूपांतरणाने मूळ जनुकात उतरतात आणि जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी हा विकार उद्भवतो. याच्या काही प्रकारांत शरीरातील मीठ टिकत नाही व उपचाराअभावी नवजात अर्भक दगावू शकते. तपासणीतही हेच साम्य आड येते: छद्मजनुकाचा अनुक्रम मूळ जनुकाचा समजला गेल्यास निदान चुकते. त्यामुळे केवळ मूळ जनुकावरच जुळतील असे प्रारंभक निवडावे लागतात.

काही छद्मजनुकांपासून आरएनए तयार होतो. अर्बुदरोधक 'पीटेन' जनुकाच्या छद्मजनुकाचा आरएनए सूक्ष्म-आरएनए स्वतःकडे खेचून मूळ जनुकाचे रक्षण करतो, असे २०१० साली प्रयोगांतून दाखवण्यात आले.