मेणबत्तीपासून गव्हाच्या अंकुरापर्यंत

आजचा थ्रेड एंडोस्कोपीच्या इतिहासावर. हा इतिहास बहुधा उपकरणांची यादी म्हणून सांगितला जातो. त्यातला खरा प्रश्न मात्र मागेच राहतो : आत काय दिसले म्हणजे ‘कर्करोग’ ओळखायचा?

फ्रँकफुर्टचे वैद्य फिलिप बोझिनी यांनी १८०६ मध्ये मेणबत्ती, आरसा व नळ्या जोडून जिवंत शरीरात डोकावण्याचे यंत्र मांडले. व्हिएन्नाच्या वैद्यक विद्याशाखेने प्रतिकूल मत दिले आणि १८०९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, साथीच्या तापाने बोझिनी गेले. १८६८ मध्ये फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या खेळकऱ्याच्या घशातून सरळ नळी जठरात उतरवली. नळी पोहोचली, प्रकाश पुरला नाही. (हा किस्सा सगळे चवीने सांगतात, त्या खेळकऱ्याला काय वाटले असेल, हे क्वचितच कोणी विचारतो.)

पुढे १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स व पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे दाखवले. १९५७ मध्ये अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी असा लवचीक गॅस्ट्रोस्कोप प्रथम स्वतःच्या घशात उतरवला.

जठराच्या कर्करोगाने ग्रासलेल्या जपानमध्ये १९५० पासूनच जठरात उतरणारा छोटा कॅमेरा होता. फिल्म धुतल्याशिवाय त्यात काहीच दिसत नसे. १९६२ मध्ये तेथील तज्ज्ञांनी ‘आरंभिक’ जठर-कर्करोगाची व्याख्या ठरवली : आतल्या श्लेष्मल आवरणापुरता किंवा त्याच्या लगतच्या थरापुरताच असलेला. माझ्या मते या इतिहासाचे खरे वळण हेच. यंत्राने काय शोधायचे, हे आता निश्चित झाले.

तरी पेच उरलाच. दीर्घकाळच्या आम्लपित्तामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणाऱ्या ‘बॅरेट’ बदलात कर्करोगपूर्व पेशी अनेकदा सपाट असतात, शेजारच्या पेशींसारख्याच दिसतात. म्हणून ठराविक अंतरावर चहूबाजूंनी तुकडे काढून तपासायचे. धोक्याची जागा दोन तुकड्यांमध्ये राहिली, तर ती निसटली.

येथे रेणू मदतीला आले. पेशीच्या पृष्ठभागावर शर्करारेणूंचे आवरण असते आणि पेशी बिघडू लागली की तेही बदलते. गव्हाच्या अंकुरातले एक प्रथिन या शर्करेला चिकटते. केंब्रिजच्या संशोधकांनी त्याला चमकणारा रंग जोडून शस्त्रक्रियेने काढलेल्या अन्ननलिकांवर ते लावले. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी बिघडलेला भाग उजळला, कर्करोगाकडे झुकलेला भाग काळोखा राहिला. दोनशे वर्षे जो अंधार हटवण्याची धडपड चालली होती, तोच येथे खूण ठरला.

२०१५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकले. मोठ्या आतड्यातील गाठींवर वाढणाऱ्या ‘सी-मेट’ या प्रथिनाला चिकटणारा चमकता रेणू त्यांनी रुग्णांना शिरेतून दिला. साध्या प्रकाशात निसटलेल्या काही गाठी त्यात दिसल्या.