१८५९ चे सौरवादळ आणि कुलाब्याची वही

१.
शके १७८१, भाद्रपद शुद्ध पंचमी. इंग्रजी तारीख १ सप्टेंबर १८५९, वार गुरुवार. तासगावात ऋषिपंचमी हा रथोत्सवाचा दिवस. परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या, सात मजली गोपुराच्या गणपती मंदिरापासून निघणारा रथ भाविकांनी दोरखंडांनी ओढायचा, ही तिथली पटवर्धनकालीन चाल. त्या ऋषिपंचमीला, तासगावच्या स्थानिक वेळेनुसार दुपारी सव्वाचारच्या सुमारास, पश्चिमेकडे कललेल्या सूर्यावर एक स्फोट झाला. तो जेमतेम पाच मिनिटे दिसला. त्याचे परिणाम मात्र दुसऱ्या दिवशी साऱ्या पृथ्वीने अनुभवले. त्या वादळाचा आकार आज जगाला ठाऊक आहे तो मुख्यतः मुंबईतल्या एका नोंदवहीमुळे. ही हकीकत त्या वहीची आहे.

२.
इंग्लंडमध्ये तेव्हा सकाळचे ११ वाजून १८ मिनिटे झाली होती. रेडहिल येथील आपल्या खासगी वेधशाळेत रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून सौरडागांचे चित्र काढीत होते. डागांच्या एका मोठ्या समूहावर एकाएकी दोन पांढरेशुभ्र, डोळे दिपवणारे ठिपके उमटले, सरकले आणि विझले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही स्वतंत्रपणे तेच पाहिले. माणसाने सौरज्वाला पाहून तिची नोंद केल्याचा हा पहिला प्रसंग. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील चुंबकसूचीला त्याच क्षणी हलकासा झटका बसला होता. खरे वादळ मात्र अजून वाटेत होते. ते पृथ्वीवर येऊन थडकले सुमारे साडेसतरा तासांनी.

३.
२ सप्टेंबरला जिथे रात्र होती तिथले आकाश लाल-हिरव्या प्रकाशाने भरून गेले. एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा हा प्रकाश क्यूबासारख्या उष्ण कटिबंधातील बेटावरही दिसला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. बोस्टन आणि पोर्टलंड या अमेरिकन शहरांतील तारबाबूंनी तर बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारांमध्ये आपोआप वाहणाऱ्या प्रवाहावरच काही काळ संदेशांची देवाणघेवाण केली. ती वीज आकाशातील वादळानेच तारांत निर्माण केली होती.

४.
भारतात त्या वेळी सकाळचे दहा वाजत आले होते. सूर्य वर आलेला, त्यामुळे आकाशातील प्रकाश दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वादळ तासगावावरूनही गेले. पण ना ऊन बदलले, ना वारा. ज्या घटनेचा डोळ्यांना, कानांना, त्वचेला पत्ता लागत नाही, तिची नोंद कोणी रोजनिशीत करावी तरी कशी? बखर, पत्र, कैफियत या आपल्या नेहमीच्या साधनांत ती सापडणे कठीण. पण तासगावापासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरवर, मुंबईच्या कुलाब्यात, एक साधन त्या सकाळी जागे होते.

५.
कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. जहाजांना अचूक वेळ कळावी, हा तिचा मूळ हेतू. पुढे हुम्बोल्ट आणि गाउस यांच्या प्रेरणेने पृथ्वीच्या चुंबकत्वाची एकाच वेळी जगभर मोजणी करण्याची मोहीम सुरू झाली, आणि १८४१ पासून कुलाब्यातही चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर ऑर्लिबार यांच्याकडे हे काम होते. याच मोहिमेत कंपनीने शिमला आणि सिंगापूर येथेही वेधशाळा काढल्या होत्या. त्या काही वर्षांतच बंद पडल्या. कुलाब्याचे काम चालू राहिले. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे.

६.
ऑर्लिबारांच्या हाताखाली, विशीही न गाठलेला एक मराठी तरुण साहाय्यक म्हणून काम करीत होता: केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा पुढे ‘केरूनाना’ म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. गणिती, पंचांगसुधारक, लोकमान्य टिळकांचे गुरू. सौरडागांविषयीचे त्यांचे कुतूहल आयुष्यभर टिकले. १८५९ च्या कितीतरी आधी ते कुलाबा सोडून अध्यापनाकडे वळले होते. पण काटा पाहायचा, आकडा लिहायचा आणि उद्या पुन्हा तेच करायचे, ही शिस्त ज्या पिढीने तिथे रुजवली, त्या पिढीत त्यांचा वाटा आहे.

७.
ही निरीक्षणे होत तरी कशी? एक चुंबकपट्टी दोऱ्यांनी टांगलेली असे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे बळ कमी-जास्त झाले की ती किंचित वळे. हे वळणे इतके सूक्ष्म असे की ते उघड्या डोळ्यांना दिसत नसे. म्हणून पट्टीसोबत फिरणाऱ्या आरशातील मोजपट्टीचे प्रतिबिंब दुर्बिणीतून वाचावे लागे. तासातासाला हे वाचन होई. काटा अस्वस्थ दिसला तर दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी. उकाड्यात, पावसाळ्यात, रात्री, सणावाराला. छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेषा उमटवणारी यंत्रे कुलाब्यात आली ती १८७० नंतर. म्हणजे १८५९ मध्ये सारी भिस्त माणसाच्या डोळ्यावर आणि लेखणीवर होती.

८.
२ सप्टेंबरच्या त्या सकाळी वेधशाळेचे प्रमुख होते भारतीय नौदलातील लेफ्टनंट फर्ग्युसन. वादळाची चाहूल लागताच वाचने जलद घेतली जाऊ लागली. दुपार होण्याआधीच क्षितिजसमांतर चुंबकीय बळ सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळले आणि नंतर तितक्याच घाईने वर येऊ लागले. मुंबईत हे बळ साधारण ३८,००० नॅनोटेस्ला असते. म्हणजे घट चार टक्क्यांची. ऐकायला लहान वाटते. पण नेहमीच्या दिवसातील चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे भय कळते. आकडा वहीत राहिला. तो टिपणाऱ्या हाताचे नाव इतिहासात गाजले नाही.

९.
आता यामागचे कारण. सूर्यावरील मोठ्या स्फोटातून विद्युतभारित कणांचा एक प्रचंड लोट सुटतो आणि आपल्यासोबत सूर्याचे चुंबकीय क्षेत्र वाहून आणतो. त्या क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असली, तर पृथ्वीचे चुंबकीय कवच जणू दार उघडते. आत शिरलेली ऊर्जा पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर उंचीवर, कणांचे एक कडे फिरवू लागते. या कड्यातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वीजप्रवाह वाहतो आणि त्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वातून वजा होते. जमिनीवरचा काटा दाखवतो ती हीच वजाबाकी. सौरडागांचे चक्र आणि चुंबकीय वादळे यांची चाल एकच आहे, हे एडवर्ड सबाइन यांनी १८५२ मध्येच दाखवले होते. पण असे का होते, ते समजायला विसावे शतक उजाडावे लागले.

१०.
इथे कुलाब्याचे भौगोलिक स्थान निर्णायक ठरते. ध्रुवांकडील प्रदेशात ध्रुवीय प्रकाशासोबत वाहणारे स्थानिक प्रवाह काट्याला इतके झोडपतात की मूळ वादळाचे माप हाती लागत नाही. लंडनच्या परिसरातील वेधशाळांत तर त्या दिवशी नोंदीच्या रेषा कागदाबाहेर गेल्या. मुंबई ध्रुवीय प्रदेशापासून दूर, विषुववृत्ताच्या बरीच जवळ. तिथे त्या कड्याचा परिणाम तुलनेने स्वच्छ दिसतो. शिवाय काटा मोजपट्टीच्या आत राहिला आणि वाचणारा जागेवर राहिला. त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या भागातून त्या वादळाचा इतका सलग आलेख कुलाब्याखेरीज मिळत नाही.

११.
हे आकडे शंभराहून अधिक वर्षे छापील खंडांत पडून होते. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखीना, शोभना अलेक्स आदींसह ते पुन्हा तपासले आणि १८५९ च्या वादळाचे मोजमाप जगापुढे ठेवले. त्यावर वादही झाला. सारी घट त्या कड्यामुळेच झाली, की इतर प्रवाहांचाही तीत हात होता? तासाभराची सरासरी काढली तर घट साडेआठशे ते साडेनऊशेच्या दरम्यान येते. तरीही तुलना बोलकी आहे. १३ मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली आणि साठ लाख माणसे अंधारात बसली. त्या वादळाचे जागतिक माप ५८९ होते. मे २०२४ मध्ये लडाखच्या आकाशाला लाली आणणाऱ्या वादळाचे माप चारशेच्या आसपास.

१२.
आज वीजवाहिन्या, उपग्रह आणि विमानांचे मार्ग यांची सुरक्षितता ठरवताना ‘वाईटात वाईट काय घडू शकते?’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा उत्तरासाठी पुन्हा त्या १८५९ च्या आकड्याकडे जावे लागते. घटना एकदाच घडली होती. त्या सकाळी दोन तासांची वाचने चुकली असती, तर ती पुन्हा मिळवण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

१३.
पण एक दिवस नीट नोंदवून भागत नाही. मालिका टिकवावी लागते. १८९६ मध्ये नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस हे कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचा जन्मही योगायोगाने १८५९ चाच. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईत विजेच्या ट्राम येणार, असे ठरले. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज चुंबकसूचीला खोट्या वादळांनी भंडावून सोडणार, हे उघड होते. म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा बांधण्यात आली. पोरबंदरचा, चुंबकत्व नसलेला दगड आणण्यात आला आणि लोखंडाचा वापर टाळण्यात आला. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली, जेणेकरून जुन्या आकड्यांना नवे आकडे नेमके जोडता यावेत. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, तेव्हा काटा सुरक्षित होता.

१४.
मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी चाळून १९१० मध्ये दोन जाड खंड प्रसिद्ध केले. वादळाच्या आरंभी बळात येणारी आकस्मिक उसळी, मग खोल घसरण, मग काही दिवस चालणारी संथ भरपाई, असा चुंबकीय वादळाचा सर्वसाधारण आराखडा त्यात दिसतो. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे आणि कुलाबा-अलिबाग ही मालिका जगातील दीर्घ चुंबकीय मालिकांमध्ये गणली जाते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातही भूचुंबकत्व संस्थेची उपकरणे वरच्या वातावरणाचा वेध घेत आली आहेत. आणि सूर्याकडे लक्ष ठेवणारे ‘आदित्य एल-१’ हे भारताचे यान निघाले तेही २ सप्टेंबरलाच, २०२३ साली.

१५.
एक काम मात्र इतिहासाच्या अभ्यासकांसाठी शिल्लक आहे. ४ फेब्रुवारी १८७२, रविवारची रात्र. शके १७९३, पौष वद्य पक्ष. त्या रात्रीही प्रचंड चुंबकीय वादळ झाले. कुलाब्याच्या नोंदींवरून त्याचे माप आठशेच्या पुढे जाते. मुंबई-एडन समुद्री तारेवरील संदेशांत अडथळे आले आणि मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने दिले. चंद्र पहाटेच उगवणार होता. म्हणजे रात्रीचा बहुतेक काळ गडद अंधार. उत्तर क्षितिजावर तांबूस प्रकाश दिसला असेल, तर तो मुंबईपुरताच राहिला असेल का? खेडोपाडी लोकांनी त्याला वणवा मानले असेल, आग मानली असेल, उत्पात मानला असेल.

१६.
वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांची दप्तरे चाळून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला, तेव्हा त्यांच्या नजरेपुढे लढाया आणि कारभार होता. तासगाव, सांगली, मिरज, वाई, सातारा या पट्ट्यातील घरोघरच्या रोजनिशा, मठांच्या वह्या, जुन्या पंचांगांच्या समासातील टिपणे या प्रश्नाने अजून कोणी वाचायला घ्यायची आहेत. शोधायची तारीख वर दिली आहे. त्या रात्रीपुढे ‘आकाश तांबडे’ एवढे दोन शब्द जरी कोणाच्या अक्षरात सापडले, तरी कुलाब्याच्या आकड्यांना एक जिवंत साक्षीदार मिळेल.