क्लच नसलेल्या गाडीचा पट्टा

गिरणीत दळण घेऊन उभ्या राहिलात की मोटरवरून जात्याकडे फिरणारा पट्टा दिसतो ना? तशाच रबरी पट्ट्यांवर एक मोटारगाडी धावली. 1958 साली नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात डाफ कंपनीने ती दाखवली. कल्पना हुब व्हॅन डोर्न यांची. पायाखाली क्लच नाही, गिअर टाकणं नाही. पट्टा ज्या पुलीवर फिरतो ती दोन तबकड्यांची. वेग वाढला की पुढच्या पुलीच्या तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि मागच्या पुलीत खाली उतरतो. झाला गिअर बदलून! ही गाडी मागेही तितक्याच जोरात पळायची. लोकांनी मात्र हिणवलं, ही बायकांची, म्हाताऱ्यांची गाडी.

याच जातीचा पट्टा घेऊन 1984 साली आपल्याकडे कायनेटिक होंडा स्कूटर आली. आज बिनगिअरच्या ज्या गाडीवर आपण गटाच्या मीटिंगला, बँकेत जातो, तिच्या डाव्या झाकणाआड तोच पट्टा आहे. “लेडीज गाडीला काय बघायचं?” म्हणत आमच्या मेकॅनिकने ते झाकण कधी उघडलंच नाही. माझा पट्टा भर उन्हात तुटला. इंजिन चालू, चाक जागेवर, आणि मी तीन किलोमीटर गाडी ढकलत.

रबर जुनं झालं की कडक होतं, भेगा पडतात. तेल लागलं तर घसरतं. सर्व्हिसिंगला समोर उभं राहून झाकण उघडायला लावा. चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नसेल, तर पट्टा तरी झिजलाय नाहीतर क्लच. हो, क्लच असतो. आत असतो, एवढंच.