चंदनाचे तेल, राजाजीनगर आणि चार-पाच किलोमीटरांचे अंतर

कारखान्यावरून रेल्वे स्थानकाला नाव मिळाल्याचे उदाहरण मराठी वाचकाला किर्लोस्करवाडीच्या रूपाने ठाऊक आहेच. बंगळूरच्या मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेवर तसेच एक स्थानक आहे: सँडल सोप फॅक्टरी. बंगळूर-पुणे महामार्ग म्हणून पत्त्यात नोंदल्या जाणाऱ्या रस्त्याला लागून, राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत हा सरकारी साबणाचा कारखाना उभा आहे. येथून भारतीय विज्ञान संस्थेचे आवार फार दूर नाही. कारखान्याचा जन्मही त्याच संस्थेतील प्रयोगशाळेशी जोडलेला आहे.

सध्या विज्ञानाच्या बातम्यांत 'नवोन्मेष केंद्र', 'इन्क्युबेटर', 'हब आणि स्पोक' हे शब्द वारंवार येतात. २०१६ मध्ये अटल इनोव्हेशन मिशन आले, २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला. विद्यापीठांनी आपल्या परिसरातील लहान उद्योगांना ज्ञान, चाचण्या आणि माणसे पुरवावीत, ही कल्पना या निमित्ताने नव्याने मांडली जात आहे. ती नवी नाही. बंगळूरमध्ये ती शंभर वर्षांहून अधिक काळ आजमावली जात आहे, आणि तिचे यशापयश दोन्ही एकाच उपनगरात पाहावयास मिळते.

जमशेटजी टाटांनी १८९८ मध्ये संशोधन विद्यापीठाची योजना पुढे आणली. सर विल्यम रॅम्से यांनी पाहणी करून बंगळूरची शिफारस केली, म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ मध्ये संस्था विधिवत अस्तित्वात आली. जमशेटजी तोपर्यंत हयात नव्हते. विद्यार्थ्यांची पहिली तुकडी १९११ मध्ये दाखल झाली. आरंभीच्या विभागांत सामान्य रसायनशास्त्र, उपयोजित रसायनशास्त्र आणि विद्युत तंत्रज्ञान हे विषय होते. ही निवडच सांगते की संस्थेकडून केवळ शोधनिबंधांची अपेक्षा नव्हती.

तीन वर्षांतच कसोटीची वेळ आली. म्हैसूरच्या जंगलातील चंदन ही संस्थानाची मक्तेदारी होती. टिपू सुलतानाच्या काळापासून चंदनवृक्ष राजवृक्ष मानला जात असे. खासगी जमिनीत उगवला तरी तो सरकारचा. दरवर्षी लाकडाचा लिलाव होई आणि त्याचा मोठा वाटा जर्मनीला जाई. तेल तिकडे निघे, किंमतही तिकडेच वाढे. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि हा व्यापार एकाएकी थांबला. गोदामांत लाकूड साचू लागले व संस्थानाच्या उत्पन्नाचा एक हमखास मार्ग बंद झाला.

त्या वेळी म्हैसूरचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले होते, आणि मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली होती. संस्थानाच्या उद्योग खात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन होते. मद्रास प्रांतात ॲल्युमिनियमची भांडी आणि क्रोम पद्धतीने कमावलेले चामडे हे उद्योग रुजविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. चॅटर्टन यांनी विज्ञान संस्थेतील दोन रसायनशास्त्रज्ञांना, प्रा. सडबरो आणि प्रा. वॉटसन यांना, थेट प्रश्न घातला: हे तेल आपल्याला येथेच काढता येईल का?

वरवर पाहता उत्तर सोपे होते. वाफेच्या साहाय्याने तेल काढण्याची, म्हणजे ऊर्ध्वपातनाची रीत जुनीच आहे. लाकडाचा चुरा पात्रात भरावयाचा, खालून वाफ सोडावयाची. वाफेबरोबर तेलाचे बाष्प वर येते, थंड झाल्यावर पाणी व तेल वेगळे होतात. पण चंदनाचे तेल सहजासहजी बाहेर येत नाही. त्याचा मुख्य घटक असलेली सँटॅलॉल ही संयुगे जड व उच्च उत्कलनबिंदूची आहेत, आणि ती झाडाच्या गाभ्यात व मुळांत घट्ट दडलेली असतात. चुरा किती बारीक असावा, वाफ किती वेळ व किती दाबाने द्यावी, तेलाचा रंग व वास बिघडू न देता ते शुद्ध कसे करावे, आणि मुख्य म्हणजे लंडनच्या बाजारात ते खरे म्हणून स्वीकारले जाण्यासाठी त्यातील सँटॅलॉलचे प्रमाण कसे मोजावे व टिकवावे, हे सारे प्रश्न प्रयोगानेच सुटणारे होते. ते प्रयोगशाळेत सुटले. १९१६ मध्ये बंगळूरला तेलाचा कारखाना सुरू झाला, १९१७ मध्ये म्हैसूरला त्याहून मोठा. संस्थान आता लाकूड विकणारे न राहता तेल विकणारे झाले.

पुढची पायरी साबणाची. सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनशास्त्रज्ञाला साबणाचे तंत्र शिकण्यासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. परतल्यावर त्यांनी चंदनतेलाचा गंध साबणात टिकविण्याची कृती बसविली आणि १९१८ मध्ये सरकारी साबण कारखाना उभा राहिला. शास्त्रींना कन्नड वाचक आजही 'साबण शास्त्री' म्हणून ओळखतात. १९५७ मध्ये हा कारखाना राजाजीनगरला हलला.

संस्थेच्या गौरवगाथेत ही कथा नेहमी सांगितली जाते आणि ती खरीच आहे. परंतु ती कशामुळे शक्य झाली हे क्वचितच तपासले जाते. कच्चा माल एकाच मालकाच्या हाती होता. तोच मालक सरकार होता, भांडवलही त्याचेच. प्रश्न विचारणारा अधिकारी स्वतः अभियंता असल्याने प्रयोगशाळेला समजेल अशा भाषेत विचारू शकत होता. आणि विलंब झाला तरी बुडणारा कोणी लहान दुकानदार नव्हता. संस्थान हे एक फार मोठे गिऱ्हाईक होते. अशा गिऱ्हाइकासाठी संशोधन करणे आणि गल्लीतल्या दोन लेथ मशीनवाल्यासाठी ते करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंदनाच्या यशाने पहिली गोष्ट सिद्ध केली, दुसरीचा प्रश्न तसाच राहिला.

युद्ध संपल्यावर संस्थेचाही मार्ग बदलत गेला. संस्थेने उद्योगांची सेवा करावी की मूलभूत संशोधन, हा वाद १९२१ च्या पोप समितीपासून पुढे चालूच राहिला. चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ मध्ये संचालक झाले, तेव्हा भौतिकशास्त्राला बहर आला. पण सर जेम्स आयर्विन यांच्या समितीने १९३६ मध्ये इतर विभागांकडे दुर्लक्ष होत असल्याचा ठपका ठेवला आणि पुढल्याच वर्षी रामन यांनी संचालकपद सोडले. या भांडणात रामन यांची बाजू घेणाऱ्यांची संख्या आजही मोठी आहे, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती योग्यच म्हणावी लागेल. परंतु स्थानिक उद्योगाच्या दृष्टीने पाहिले तर आयर्विन समितीची तक्रार अगदीच निराधार नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्ञानचंद्र घोष यांच्या कारकिर्दीत विमानविद्या, धातुविज्ञान असे अभियांत्रिकी विभाग आले. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना काढला होताच. पुन्हा गिऱ्हाईक मोठेच होते.

लहान गिऱ्हाईक राजाजीनगरात जमू लागले. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या औद्योगिक उपनगराची पायाभरणी झाली आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. शेजारी, मल्लेश्वरमच्या पश्चिमेला, किर्लोस्कर इलेक्ट्रिकचे कारखाने होते. लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवींद्र किर्लोस्कर यांनी ही कंपनी १९४६ मध्ये काढली. विजेची मोटर करणारा कारखाना आला की त्याच्याभोवती ओतकाम, पत्रेकाम, वाइंडिंग, तासकाम करणाऱ्या लहान कार्यशाळा उगवतातच. हिंदुस्तान मशीन टूल्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स यांसारख्या सरकारी कारखान्यांनीही सुटे भाग बाहेरून करून घ्यावयास आरंभ केला. राजाजीनगरच्या शेडमध्ये बसलेल्या माणसाला आता नवे प्रश्न पडत होते: पोलादाला कोणती उष्णताप्रक्रिया द्यावी, ठरलेल्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके माप कसे साधावे, आणि साधले हे मोठ्या कारखान्याच्या तपासनिसाला कसे पटवावे.

हे प्रश्न विज्ञान संस्थेकडे गेले असते तर काय झाले असते, हा कुतूहलाचा विषय आहे. प्रत्यक्षात देशाने वेगळी वाट निवडली. फोर्ड फाउंडेशनच्या आंतरराष्ट्रीय पथकाने १९५३-५४ मध्ये भारतातील लघुउद्योगांची पाहणी करून प्रादेशिक तंत्रसंस्था काढण्याची शिफारस केली. कृषिविस्तार अधिकारी जसा शेतापर्यंत जातो, तसा तंत्रज्ञ कार्यशाळेपर्यंत जावा, ही त्यामागची धारणा. त्यातून लघुउद्योग सेवा संस्थांचे जाळे उभे राहिले. १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग निगम आले. बंगळूरची सेवा संस्था राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतच थाटली गेली. पुढे तिची नावे बदलली, पत्ता तोच राहिला.

येथे इतिहासाने एक रेघ ओढली. संशोधन विद्यापीठात, सेवा सरकारी कार्यालयात. कृषी विद्यापीठांची रचना याच्या उलट आहे: तेथे अध्यापन, संशोधन व विस्तार एकाच छपराखाली असतात, म्हणून शेतातील रोगट पान त्याच संस्थेतील संशोधकाच्या टेबलावर पोहोचू शकते. राजाजीनगरातील तुटलेला ड्रिल मात्र प्राध्यापकापर्यंत पोहोचत नाही. सेवा संस्थेतील अधिकाऱ्याने अर्ज, कर्ज, कच्च्या मालाचा कोटा यांत मदत केली आणि ती मोलाची होती. पण त्याला न सुटलेले कोडे पुढे सोपविण्याची वाट नव्हती. माझ्या मते लघुउद्योगातील संशोधनाचे आपल्याकडील दुबळेपण बरेचसे या रेघेत आहे, पैशाच्या टंचाईत तितके नाही.

रेघेच्या अलीकडे जे चांगले घडले, त्यात १९७२ चे सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्र अग्रभागी ठेवावे लागेल. डेन्मार्क सरकारच्या सहकार्याने ते राजाजीनगर औद्योगिक वसाहतीत सुरू झाले. टूल रूम म्हणजे साचे, डाय, जिग आणि फिक्श्चर घडविणारी कार्यशाळा. बाटलीच्या झाकणाचा साचा किंचित चुकला तर त्यातून निघणारे प्रत्येक झाकण चुकते. म्हणून साचा करणाऱ्याचे कौशल्य आणि त्याची यंत्रे या साखळीतील सर्वांत महाग कड्या असतात. एकट्या लहान उद्योजकाला ती यंत्रे परवडत नाहीत. केंद्राने ती सामाईक उपलब्ध केली, आणि शिवाय मुले घडविली. टूल आणि डाय मेकिंगचा दीर्घ पदविका अभ्यासक्रम शिकलेला तरुण कारखान्यात दाखल होतो, तेव्हा ज्ञान कागदावरून नव्हे, त्याच्या हातातून पोहोचते. आज या केंद्राच्या शाखा कर्नाटकभर आहेत. तुमकूर रस्त्यावरचे, चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने १९६२ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय यंत्रोपकरण संस्थेचे काम याच जातीचे, फक्त अधिक वरच्या पातळीचे.

विज्ञान संस्थेतही आतून हालचाल झाली. सतीश धवन संचालक असताना, १९७४ मध्ये, विद्युतरसायनशास्त्रज्ञ अमूल्य रेड्डी यांनी 'अस्त्र' हा गट काढला. विज्ञान व तंत्रज्ञानाचा ग्रामीण भागासाठी उपयोग, हा त्याचा हेतू. तुमकूर जिल्ह्यातील उंगरा गावी त्याचे क्षेत्रकेंद्र होते. विद्युतरसायनावरील जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचा सहलेखक चुलीच्या धुराचा अभ्यास करू लागला, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. १९७५ मध्ये कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद संस्थेच्याच आवारात आली, आणि उद्योगांना सल्ला देण्यासाठी स्वतंत्र केंद्रही त्याच सुमारास निघाले. 'अस्त्र'ची सुधारित चूल गावोगाव गेली ती पत्रकांतून नव्हे, तर ती बांधावयास शिकलेल्या गवंड्यांकडून. माप चुकले की चूल धुरकटे, म्हणून गवंड्याचे प्रशिक्षण हाच संशोधनाचा शेवटचा टप्पा ठरला. परिषदेने १९७७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना छोटे अनुदान देण्याची योजना चालविली आहे. रक्कम किरकोळ, पण प्रकल्पासाठी महाविद्यालयाबाहेरचा खरा प्रश्न शोधावयास लावणारी.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी २००७ मध्ये व्हेंचर सेंटर सुरू झाले, त्याआधी मुंबईच्या आयआयटीत 'साइन'. ही केंद्रे नव्या कंपन्या जन्माला घालतात आणि ते आवश्यकच आहे. मात्र राजाजीनगरच्या शेडमधला, तीस वर्षे तेच तासकाम करणारा उद्योजक 'स्टार्टअप' नसतो. त्याला कार्यालयाची जागा किंवा गुंतवणूकदारांशी भेट नको असते. त्याला मिश्रधातूचे पृथक्करण दोन दिवसांत हवे असते, पंधरा दिवसांनी नव्हे, आणि साचा का तडकला हे सांगणारे कोणीतरी. विद्यापीठातील महागडी सूक्ष्मदर्शके व चाचणी यंत्रे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बंद असतात, त्या वेळी त्याचा कारखाना मात्र चालू असतो.

दरम्यान ते उपनगरही बदलले. किर्लोस्करांच्या जुन्या जमिनीवर आता उंच इमारती व ओरायन मॉल आहे. साबणाचा कारखाना चालू आहे. औद्योगिक वसाहतीत टूल रूम आहे, लघुउद्योगांचे केंद्रीय कार्यालय आहे, राज्याच्या लघुउद्योग विकास महामंडळाचे मुख्यालय आहे. आणि चार-पाच किलोमीटरांवर देशातील अव्वल संशोधन संस्था. १९१४ मध्ये चॅटर्टन यांना हे अंतर ओलांडण्यासाठी कोणत्याही योजनेची गरज पडली नव्हती. साचलेले लाकूड त्यांच्याकडे होते, आणि कोणाला विचारावे हे त्यांना ठाऊक होते.