प्रा. एन. डी. पाटील : शेतकऱ्याच्या घरातून विधिमंडळात, विधिमंडळातून रस्त्यावर

कोल्हापूरला कर्मभूमी मानणारे प्रा. नारायण ज्ञानदेव पाटील (१५ जुलै १९२९ – १७ जानेवारी २०२२) महाराष्ट्राला ‘एन. डी.’ म्हणून परिचित आहेत. परिवर्तनवादी चळवळीतील तरुणांना त्यांची माहिती असावी, म्हणून हा परिचय आम्ही देत आहोत.

जन्म व शिक्षण : सांगली जिल्ह्यातील ढवळी (ता. वाळवा) येथील शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अर्थशास्त्रात एम. ए. आणि नंतर कायद्याची पदवी त्यांनी घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत ते प्राध्यापक होते. ‘कमवा आणि शिका’ योजनेशी त्यांचा जवळचा संबंध होता. पुढे ते संस्थेचे चेअरमन झाले.

राजकीय कारकीर्द : १९४८ मध्ये त्यांनी शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा खांद्यावर घेतला आणि अखेरपर्यंत पक्ष बदलला नाही. १९६०-६६ आणि १९७०-८२ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेत होते. पुलोद सरकारात ते सहकारमंत्री होते. १९८५ ते १९९० या काळात त्यांनी विधानसभेत कोल्हापूरचे प्रतिनिधित्व केले.

नामांतराचा प्रश्न : मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी संमत केला, तो याच पुलोद सरकारच्या काळात. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि सरकारने अंमलबजावणी थांबवली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. पुरोगामी मंत्री सरकारात असूनही हे घडले, याची नोंद आदर ठेवूनच केली पाहिजे. मित्रपक्ष सत्तेत आले म्हणून आपले आंदोलन थांबवायचे नसते, हा आमच्या दृष्टीने यातला धडा आहे.

लढे : एन्रॉन प्रकल्प, रायगडमधील सेझसाठीचे भूसंपादन, सीमाभागातील मराठी जनतेचा प्रश्न आणि कोल्हापूरचा टोल या लढ्यांत ते अग्रभागी होते. टोलविरोधी आंदोलनात ते आणि कॉ. गोविंद पानसरे एकत्र होते. उतारवयातही एन. डी. मोर्चात चालले, शेवटी कोल्हापूरचा टोल रद्द झाला.

अंधश्रद्धेविरुद्ध : महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे ते राज्य अध्यक्ष होते. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची आणि २०१५ मध्ये पानसरेंची हत्या झाली. दोन सहकारी असे गेल्यावरही एन. डी. बोलायचे थांबले नाहीत.

आमचे मत : एन. डी. आंबेडकरी पक्षाचे नव्हते. त्यांचा मार्ग मार्क्सवादाचा होता. पण शेतकरी, कष्टकरी आणि दलित यांचे प्रश्न वेगवेगळे लढून सुटत नाहीत, हे ज्यांना पटते त्यांनी त्यांचे जीवन जरूर अभ्यासावे. अठरा अधिक पाच वर्षे विधिमंडळात राहूनही हा माणूस रस्त्यावरच्या माणसापासून तुटला नाही. आज आपल्या वस्तीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला याच मापाने मोजावे.